महाराजांनी ओंजळ सोडली

आमच्या घरात माणसं तीन आणि नेम तीनशे, असं आमचा सालगडी खंडूमामा म्हणायचा, आणि तो फार वाढवून सांगत होता असं मला आजही वाटत नाही. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. पावसाळा लागला की पालेभाजी बंद, कारण पानोपानी किडा. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यात जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहिले असतील ते त्याच विहिरीत परत नेऊन सोडायचे. दुसऱ्याच्या विहिरीत सोडलेले चालायचे नाहीत. त्यांचं घर ते त्यांचं घर. लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. दारात गोठ्याकडं परतणाऱ्या गुरांची घुंगरं वाजायला लागली की अव्वा हाक मारायची, आणि आम्ही तिघं चुलीपुढं बसायचो. जोंधळ्याची पापुद्रा सुटलेली भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, वर तुपाची धार. आईला आमच्याकडं अव्वा म्हणतात आणि वडिलांना आण्णा, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. माझं नाव राजमती, पण पूर्ण नाव घेऊन हाक फक्त शाळेत यायची. घरात मी राजी आणि खंडूमामाची राजाक्का.

आता कोल्हापुरात मुलाच्या घरी राहते. इथं सगळे आपापल्या वेळेला जेवतात आणि कुणी कुणाला काही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. परवा नात म्हणाली, "आज्जी, एवढे नियम पाळून कुणी पूर्ण चांगलं झालंय का? मग उपयोग काय त्यांचा?" पोरगी वकिलीला आहे, सरळ वर्मावरच बोट ठेवते. तिला मी "जा गं, चहा टाक" म्हणून घालवलं, पण तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून जात नाही. आयुष्यात बरंच काही मी लिहायचं टाळलं, त्यात हे सगळ्यात वरचं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. जैन म्हटलं की लोकांना दुकान आठवतं, पण आमच्या सात पिढ्यांनी तराजू धरला नाही, नांगरच धरला. आणि तिथंच सगळी मेख होती. धर्म सांगतो, मुंगीलाही दुखवू नका, आणि नांगराचा फाळ जमिनीत गेला की मुंग्यांची वारुळंच्या वारुळं उलटी होतात. आण्णा नांगर धरण्याआधी बांधावर उभे राहून हात जोडायचे, डोळे मिटून त्या सगळ्या जिवांची क्षमा मागायचे. खंडूमामा बैलांचे कासरे धरून ताटकळत उभा असायचा. एकदा तो म्हणाला, "आण्णा, माफी मागून नांगर घालण्यापरास नांगरच घालू नगा की!" आण्णा हसले. म्हणाले, "आन खायाचं काय? तुझं डोस्कं?" मग मला म्हणाले, "राजी, जैनाच्या पोटाला आन कुणब्याच्या घरात जन्माला आलं की असंच असतंय. जमिनीसंगं पाप पण वारसानं येतंय. माझ्या आज्यानं नांगरलं, बानं नांगरलं, आता मी. आपल्या हातात एवढंच, की मुद्दाम, मारायचंच म्हणून कुणाला मारायचं न्हाय." शास्त्रात तसा भेद आहे. पोटासाठी राबताना जी हिंसा होते ती संसारी माणसाला चुकत नाही. ठरवून केलेली मात्र वर्ज्य. त्या एका फटीतून आमचं अख्खं घराणं श्वास घेत आलं होतं.

खंडूमामा गगनबावड्याकडचा. आमच्याकडं पाऊस पडायला लागला की नाक मुरडायचा. "ह्यो काय पाऊस म्हणायचा? आमच्या बावड्यात या, पावणं, म्हंजे पाऊस कळंल." मळ्यातल्या खोपीत तो आणि सखूमामी राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं माझे लाड दोन घरांत व्हायचे. दुपारी तो बांधावर बसून मुठीनं कांदा फोडायचा आणि मी दिसले की ओरडायचा, "राजाक्का, लांबनं जा गं, वासानं पाप लागंल तुला!" मी खरंच पदर नाकाला लावून लांबून जायची. तो खो खो हसायचा आणि मला राग यायचा. तो आमच्याकडं सोळा-सतरा वर्षं तरी होता, पण आमच्या चुलीपर्यंत कधी आला नाही. त्याची भाकरी घरामागच्या परड्यात वाढायची. याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, हे लिहिताना आता बोटं जड होतात.

त्या वर्षी गावात एका मुनी महाराजांचा चातुर्मास होता. महाराज बेळगावकडचे, तेही पूर्वाश्रमी शेतकऱ्याचेच. अंगावर वस्त्र नाही, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, दिवसातून एकदाच अन्न, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. सकाळी ते उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून मंदिरातून निघायचे आणि गल्लीतल्या दारादारांत माणसं ओल्या सोवळ्यानं उभी राहून पुकारायची, "नमोस्तु, नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." महाराज मनात काहीतरी धरून निघतात. ते दिसलं त्या दारात थांबतात, नाही दिसलं तर पुढं जातात, आणि काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. त्यामुळं बायकांच्या तर्कांना ऊत यायचा. कुणी म्हणायचं नारळ धरा, कुणी म्हणायचं दोघा नवरा-बायकोंनी कलश धरा. अव्वानं नारळ धरून पाहिला, केळी धरून पाहिली, एकदा तर आंब्याचा डहाळा धरून उभी राहिली. महाराज रोज आमच्या दारावरून शांतपणे निघून जायचे. अव्वाचा चेहरा बघवत नसे. लग्न होऊन या घरात आल्यावर तिनं नेम घेतला होता, की आपल्या चुलीवरचं अन्न एकदा मुनींच्या ओंजळीत पडेपर्यंत गूळ खाणार नाही. आमच्या भागात, जिथं गुऱ्हाळ पेटलं की कुत्रीही गूळ खातात, तिथं ती बाई इतकी वर्षं गुळाशिवाय राहिली होती. आणि आण्णांनी चातुर्मासाच्या पहिल्याच दिवशी महाराजांसमोर नवा नेम घेतला होता: आपल्या हातानं ठरवून जीव मारणार नाही.

श्रावणात लष्करी आळी आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगून पटणार नाही. दिवसा काही दिसत नाही, आणि दिवस कलला की जमीन हलायला लागते. एका रानाचा फडशा पाडून ती पुढच्या रानावर चालून जाते. शेजारच्या जोंधळ्याची नुसती धाटं उरली होती. जवळ गेलं की चरण्याचा बारीक करकर आवाज यायचा, पाऊस पडायच्या आधी पानं वाजतात तसा. लोकांनी बांधाला चर खणले, आळी चरात पडली की वरून दुकानातली विषारी पावडर मारायची. आमचा जोंधळा कमरेएवढा झाला होता. वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा, दोन्ही त्यात उभं होतं. खंडूमामा परड्यात येऊन म्हणाला, "आण्णा, आज पावडर मारली तर जोंधळा ऱ्हातोय, न्हायतर उद्या धाटं मोजायची."

आण्णा जपाची माळ घेऊन बसले होते. मी जात्यावर होते. महाराजांसाठीचं पीठ घरीच दळलेलं लागतं. आण्णांनी मणी फिरवणं थांबवलं.  मग ते त्याच्याकडं न बघता म्हणाले, "माझा नेम हाय, खंडू. मला काय इचारू नगंस. रान तुझ्या ताब्यात हाय, तुला काय बरं वाटंल ते कर. केल्यावर पण मला सांगू नगंस."

"म्हंजे मारू?"

"मी काय म्हटलो का मार म्हणून?"

खंडूमामानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "कळलं. पाप माझ्या नावावर. आमच्या बावड्यात मोप पाऊस हाय, धुऊन जाईल." आणि तो दुकानाकडं गेला. आण्णा उठून मंदिरात गेले आणि दिवस मावळेपर्यंत घरी आले नाहीत. आमच्यासारख्या लोकांकडूनच ही चूक होऊ शकते. ज्याला नेम नाही तो आपल्या हातानं मारून मोकळा होतो. नेमवाला दुसऱ्याचा हात शोधतो.

दुपारी मी त्याची भाकरी घेऊन मळ्यात गेले. वारं सुटलं होतं. खंडूमामा पाटीतली पावडर मुठीनं उधळत चराकाठानं चालला होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मला बघून दोन्ही हात पसरून उभा राहिला. "बघ गं राजाक्का, गोसावी झालो!" मी हसले. मी सोवळ्यात होते, महाराजांचं पीठ अजून दळायचं होतं, म्हणून मी भाकरी लांबच बांधावर ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि वळले. जाता जाता मागं बघितलं, तर तो धोतराला हात पुसून तशीच भाकरी मोडत होता. एका तांब्यात हात धुवायचे की तहान भागवायची? आमच्या घरात पाणी गाळण्याला केवढं महत्त्व, आणि मला आणखी एक तांब्या न्यायचं सुचलं नाही. चरात काय होतं तेही मी पाहिलं. ते मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आमच्या दारात थांबले. काय बघून थांबले ते त्यांनाच ठाऊक. अव्वाच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं, भरून ठेवलेला कलश आत राहिला होता, आणि आण्णा खाली मान घालून उभे होते. अव्वा आधी पुकारायचंच विसरली. मग दोघांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना आत नेलं, पाय धुतले, पूजा केली. आता देणाऱ्यानं म्हणायचं असतं, माझं मन शुद्ध, वाणी शुद्ध, काया शुद्ध, अन्न-पाणी शुद्ध. अव्वाचं म्हणून झालं. आण्णांचं "मन" एवढंच ऐकू आलं, पुढचं पुटपुटणं मला बाहेर कळलं नाही. मी परड्याच्या दारावर राखणीला उभी होते. हे कामही नेमाचंच. घासात केस निघाला, मुंगी निघाली, किंवा जेवताना कुणाच्या रडण्याचा आवाज कानावर आला, की महाराज ओंजळ सोडतात. त्याला अंतराय म्हणतात. मग त्या दिवशी अन्न नाही, पाणीही नाही, थेट दुसऱ्या दिवशी. म्हणून दारात कुणीतरी उभं राहून कुत्री हाकलायची, पोरं गप्प करायची.

आतून दूध ओतल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी मळ्याच्या वाटेनं सखूमामी पळत येताना दिसली. डोक्यावर पदर नाही, पायात वहाण नाही. मी पुढं धावले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मामी, गप. म्हाराज जेवाय लागल्यात."

"अगं, ह्यास्नी काय तर झालंय," ती माझ्या हाताखालून म्हणाली, "रातभर ओकाय लागल्यात, आता हातपाय वाकडं हुत्यात, तोंडाला फेस..."

"जरा थांब. जराच. आवाज करू नगंस."

ती थांबली. हेच मला आजवर सोसलेलं नाही. ती माझ्यावर ओरडली असती, मला ढकलून आत गेली असती, तर बरं झालं असतं. पण आमच्या नेमांचा धाक इतक्या वर्षांत तिच्याही अंगात मुरला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पुढं-मागं झुलायला लागली. डोळे माझ्यावर. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, लवकर जेवा, महाराज, लवकर जेवा. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिच्या गळ्यातून एक आवाज फुटला. मोठा नव्हता. वासराच्या हंबरण्याएवढाही नव्हता.

आत दूध सांडल्याचा आवाज झाला. महाराजांनी ओंजळ सोडली होती. अव्वाचं "अगं बाई गं" ऐकू आलं. महाराज पिंछी-कमंडलू घेऊन बाहेर आले. आहार संपेपर्यंत त्यांचं मौन असायचं. ते सखूमामीसमोर क्षणभर थांबले, तिच्याकडं बघितलं, मग वळून आण्णांकडं बघितलं, आणि उपाशीच मंदिराकडं निघून गेले. दाराबाहेर जमलेली माणसं कुजबुजायला लागली. मंदिराचे उपाध्ये मला म्हणाले, "दारावर तू हुतीस न्हवं? एक बाई आवरली न्हाय तुला?" आणि माझी अव्वा, जी मुंगीला वाट करून देऊन पाऊल टाकायची, ती बाहेर येऊन सखूमामीला म्हणाली, "आत्ताच यायचं हुतं व्हय गं तुला? घटकाभर कळ काढाय आली न्हाय?"

सखूमामीनं तोंडातला बोळा काढला. "काढली की, अव्वा. मघाधरनं काढाय लागलीया की."

आण्णा धावले. सोवळं, ओलं धोतर, तसेच धावले. त्यांनी खंडूमामाला खोपीतून दोन्ही हातांवर उचलून आणलं, ओकलेलं, फेसाळलेलं सगळं अंगावर घेत, आणि कुणाची तरी जीप थांबवून मिरजेला नेलं. मागं घरात महाराजांसाठीचा स्वयंपाक तसाच राहिला होता. अव्वा त्याच्यापुढं बसून रडली, मग उठली, सगळं डब्यात भरलं. मी बघतच राहिले. "बघतीस काय?" ती चिडून म्हणाली. "टाकू व्हय? अन्न हाय. सखू सकाळधरनं उपाशी हाय." तो डबा घेऊन ती संध्याकाळी मिरजेला गेली. सखूमामीनं दवाखान्याच्या पायरीवर बसून तो खाल्ला. अव्वा तिच्या शेजारी बसून होती. त्या दिवशी आमच्या घरातलं कुणी जेवलं नाही, आणि त्याला नेम म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

खंडूमामा वाचला. पण उजव्या हाताची थरथर राहिली आणि तो बावड्याला गेला. जोंधळाही वाचला होता. कणसं चांगली भरत होती आणि आण्णा त्या रानाकडं फिरकत नव्हते. एका दुपारी ते महाराजांकडं प्रायश्चित्त मागायला निघाले आणि मला म्हणाले, "तू पण चल." मंदिराच्या ओसरीवर महाराज एकटेच होते. आण्णांनी झालेलं सगळं सांगितलं. महाराजांनी विचारलं, "पावडर कुणी मारली?"

"गड्यानं."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"मी सांगितलं न्हवतं, महाराज." एवढं बोलून आण्णा थांबले. आमच्याकडं रोज संध्याकाळी पाठ असतो, दिवसभरात जे पाप मी केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा करणाऱ्याला मनातून बरं म्हटलं, ते तिन्ही सारखंच माझं. हे म्हटल्याशिवाय आण्णा एक दिवस झोपले नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पाठ केलेल्या ओळी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ऐकू आल्या असाव्यात.

मग ते एकदम भडकूनच बोलले. "महाराज, आमाला हे झेपत न्हाय. नांगर धरला की जीव मरतोय. आज्याच्या आज्यापास्नं हेच चाललंय, पोरीच्या पोरापातूर हेच चालणार. कुणालाच पुरं पाळता येत न्हाय, तर हे नेम आमच्यासाठी घालून दिले तरी कशाला?"

महाराज म्हणाले, "नेम नसता तर तुम्हाला आळी दिसलीच नसती. रान दिसलं असतं फक्त. नेमानं आळी दाखवली." मग म्हणाले, "माणूस तुम्ही बघितला न्हाई. त्या दिवशी रडण्याचा आवाज आला, मी जेवायचं थांबलो. लोक म्हणाले, अंतराय झाला, बाईनं घात केला. कुणी रडत असताना घास उतरू नये, म्हणूनच ना तो नेम?"

माझं वय अडनिडं होतं. मी फटकन बोलले, "महाराज, तुम्ही नांगर धरत न्हाई. पण तुमच्या ओंजळीतलं पण कुणीतरी पिकवलेलंच हाय की." आण्णांनी माझा दंड धरला. महाराज मात्र रागावले नाहीत. ते पिंछीच्या पिसांकडं बघत म्हणाले, "व्हय. ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई, बाळ." इतक्या प्रवचनांतलं माझ्या लक्षात राहिलेलं हे एवढंच. नंतर त्यांनी आण्णांना उपवास सांगितले आणि म्हणाले, "क्षमा माझ्याकडं मागू नका. ती बावड्याला हाय."

भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमेचा दिवस असतो. त्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात जाणते-अजाणतेपणी दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. खरं सांगायचं तर ज्यांना दुखावलेलं नसतं त्यांनाच हात जोडले जातात. ते सोपं असतं. त्या वर्षी आण्णा मला घेऊन गगनबावड्याला गेले. तो म्हणायचा तसाच पाऊस होता. पाच हातांवरचं दिसत नव्हतं. खंडूमामा दारात घोंगडं पांघरून बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "या पावणं. कळला का पाऊस?" आण्णा चिखलातच गुडघ्यावर बसले आणि हात जोडले. सखूमामी आत निघून गेली. खंडूमामानं आपला थरथरता हात डाव्या हाताखाली दाबून धरला.

"आण्णा, माफ केलं म्हणायला मला काय जातंय?" तो म्हणाला. "पर फुडल्या साली आळी आली तर कुणाला धाडणार, ते सांगा. त्येला मी आजच निरोप धाडतो."

आण्णा चिखलातनं उठले. आम्ही चहा न घेताच निघालो, म्हणजे त्यांनी विचारलाच नाही. एस.टी.त आण्णा खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी सखूमामीला काही बोलायला गेले होते. माझे हात जोडलेलेच राहिले, ती आतून बाहेर आली नाही. दाराआड बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती तिथंच उभी होती. आजही गर्दीत कुठं एखादी बाई पदर तोंडाशी धरून उभी दिसली की मी रस्ता बदलते. मला कुणी दोष दिला तो तिला न आवरल्याबद्दल. तिचं तोंड दाबून तिला थांबवल्याबद्दल एकानंही दिला नाही, म्हणून तो माझ्याकडंच राहिला.

पुढच्या पावसाळ्यात आळी परत आली. गावात त्या वर्षी चातुर्मास नव्हता. आण्णांनी दुसरा सालगडी ठेवला होता, त्याला त्यांनी त्या दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. सकाळी मंदिरात गेले, मी मागं उभी होते. मूर्तीपुढं उभं राहून ते नेहमीच्या आवाजात, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "देवा, नेम मोडतोय. माझ्या हातानं मोडतोय, मला ठावं हाय." उपाध्यांनी वर बघितलं आणि परत खाली बघितलं. घरी येऊन आण्णांनी पावडरची पाटी उचलली. अव्वा चुलीपुढून उठली नाही, पण तिनं अडवलंही नाही.

मी त्यांच्या मागोमाग मळ्यात गेले. चर भरत आले होते, जमीन हलत होती. आण्णांनी हात जोडले नाहीत, क्षमाही मागितली नाही. मला बघून म्हणाले, "तू माघारी जा, राजी. हे माझं हाय."

"अर्धं मला द्या."

"पाप वाटून घेता येत न्हाय, पोरी. ज्याचं त्यालाच भोगाय लागतंय. ल्हानपणापास्नं शिकलीस की."

"आन भाकरी?" मी म्हणाले. "गेल्या सालच्या जोंधळ्याची? ती कशी वाटून खाल्ली आपण?"

 आण्णांनी डोक्याचा पंचा सोडला, दातांत धरून मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या अंगावर टाकला. "नाक-तोंड घट्ट बांध," ते म्हणाले, "आन वारं तोंडावर येतंय तिकडं उभी राहू नगंस." आणि पाटी आमच्या दोघांच्या मधे ठेवली.